भोंगा आणि कमळी

बर्फातून काढलेल्या मेलेल्या बांगड्यासाठी तुम्ही अनोळखी माणसांसमोर कोलांटी उडी माराल का? रोज, आणि सुट्टीच्या दिवशी जास्त वेळा?

हा प्रश्न माझा नाही. शांताराम भाटकर तो कोणालाही विचारायचे. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्याला, एसटीत खिडकी अडवून बसलेल्याला, बँकेत पासबुक भरून घ्यायला आलेल्या मास्तरांना. समोरचा गोंधळून नाही म्हणाला की लगेच पुढचा प्रश्न यायचा, "मग त्याला काय तुझ्यापेक्षा कमी लाज हाय?" हा 'तो' म्हणजे डॉल्फिन, हे कळेपर्यंत पंगत उठलेली असायची.

रत्नागिरीहून रिक्षाने जाता येईल इतक्या जवळ आमची वाडी आहे. वाडीत त्यांना तोंडावर भाऊ म्हणत आणि पाठीमागे भोंगा. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती आणि दुसरं जास्त आवडायचं. आवाज असा की ते घरात जेवायला वाढ म्हणाले की आमच्या घरात आई पानं मांडायची. तरुणपणी ट्रॉलरवर खलाशी होते, इंजिनाच्या वर आवाज चढवायची सवय लागली ती कायमची. कुजबुजणं हा प्रकार त्यांना जमत नसे. मयताच्या घरी जाऊन ते हळू आवाजात "कधी गेला?" असं विचारत, आणि उत्तर पलीकडच्या आळीतून यायचं.

आवाजामुळेच त्यांच्याकडे गाऱ्हाण्याचा मान आला. देशावरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करायचं तर देवापुढे नारळ ठेवतात. एकाने सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी हात जोडून 'होय म्हाराजा' म्हणायचं. मानकरी म्हातारे झाले, त्यांचं मागणं पहिल्या रांगेपलीकडे पोचेना. मग देवाला तरी ऐकू जाऊ दे, म्हणून भाऊंना उभं केलं. भाऊ देवाशी फार अदबीने बोलत नसत. गेल्या वर्षी काय मागितलं होतं आणि त्यातलं काय मिळालं नाही, ते आधी सुनावत आणि मग नवीन मागत. माझ्यासारख्या, पत्रकं वाचत मोठी झालेल्या आणि देवबीव न मानणाऱ्या मुलीला देवळात जायला आवडण्याचं हे एकच कारण होतं.

डॉल्फिनचा विषय त्यांच्या डोक्यात शिरला तो आखातात. ट्रॉलर सोडून ते तिकडे गेले. एजंटाने मच्छीचं काम आहे असं सांगितलं होतं. भाऊंना वाटलं बोट असेल. निघाली एसी खोली. डॉल्फिनचा खेळ करणाऱ्या एका ठिकाणी, मागच्या बाजूला, गोठलेले मासे वितळवायचे, बादल्या भरायच्या, बादल्या धुवायच्या. मासे कसले, तर असे बांगडे की आमच्याकडे मांजर हुंगून पुढे जाईल. काही माशांच्या कल्ल्यात औषधाची गोळी खुपसायची. कारण आंघोळीच्या टाकीएवढ्या जागेत समुद्रातलं जनावर ठेवलं की त्याचं पोट बिघडतं, आणि पोट बिघडलं की ते उडी मारत नाही, आणि उडी मारली नाही की लोक तिकिटाचे पैसे परत मागतात. "माणसासारखंच हाय," भाऊ म्हणत. "आधी आजारी पाडायचं, मग विमा काढायचा."

तिथल्या एका मादीचं इंग्रजी नाव राजकन्येचं होतं. भाऊंनी तिचं नाव कमळी ठेवलं. कमळी हसते आहे असं बघणाऱ्यांना वाटायचं. यावर भाऊ भडकत. ती हसत नाय, तिचं थोबाडच तसं हाय, हे ते समजावून सांगत आणि उदाहरणाला वाडीतल्या पतसंस्थेच्या चेअरमनना घेत, जे मयतालाही हसतच उभे असतात. चेअरमन समोर असले तरी उदाहरण बदलत नसे.

खेळ नसे तेव्हा कमळी भिंतीकडे तोंड करून तरंगत राही. पोहत नसे, झोपतही नसे. भाऊंना वाटलं, हिला सपक खाणं मिळतंय. एका सकाळी धक्क्यावर जाऊन त्यांनी बादलीतून एक जिवंत बोय, खाडीतली चपळ मासळी, आणली आणि गुपचूप टाकीत सोडली. बोय सुटली टाकीभर. आणि कमळी, जिच्या आईने आयुष्यभर असल्या बोयांचा पाठलाग केला असेल, ती घाबरली. कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटली. बोय तिच्याकडे आली की ती दुसऱ्या कोपऱ्यात. माणसं जाळी घेऊन बोयीच्या मागे, बोय कमळीच्या मागे, आणि भाऊ रिकामी बादली घेऊन कठड्यावर. सकाळचा खेळ रद्द झाला. भाऊंना नोकरीवरून काढून वाडीला परत पाठवलं.

ही गोष्ट आम्ही अनेकदा ऐकली होती. भाऊ ती नेहमी हसवायला सांगत. बोय कशी वळली ते हाताने दाखवत, साहेबाची पँट कशी भिजली ते उभं राहून दाखवत. आम्ही हसायचो. त्यांचा मुलगा नीलेश हसत नसे, उठून जायचा. आम्हाला वाटायचं, ऐकून ऐकून कंटाळला असेल.

आता कोणी म्हणेल, कोळंबी सोलता सोलता हा माणूस माशांची कणव सांगत होता, हा ढोंगीपणा नाही का? मी विचारलं होतं. शाकाहारी मैत्रिणीच्या पत्रकातला मुद्दा होता, सोडवेना. भाऊ म्हणाले, "मारतो. खातो. नाचवत नाय." आणि कोळंबीचं ताट माझ्याकडे सरकवलं. माझ्या मैत्रिणीचं समाधान झालं नाही. माझं अर्धं झालं, कोळंबी चांगली होती.

एकदा आमच्या किनाऱ्यावर मेलेला देवमासा लागला. वास नाक्यापर्यंत. तरी रविवारी शहरातून गाड्या आल्या, लोक वडापाव खात खात बघत होते. एकाने आपल्या पोराला त्याच्या पाठीवर बसवलं आणि मोबाइल काढला. भाऊ जवळ गेले. तुझा आजा गेला तेव्हा पोराला त्याच्या पोटावर बसवून फोटो काढलेलास काय, असं त्यांनी विचारलं. नेहमीच्या आवाजात. सगळ्या किनाऱ्याने मोबाइल खिशात घातले. त्या माणसाने पोराला उतरवलं, पण जाता जाता, तुमच्या बापाचा आहे का मासा, असं म्हणालाच. भाऊंनी थोडा विचार केला आणि बापाची ओळख होती असं सांगितलं.

मग कंपनी आली. मोठी नव्हे, पण गाडी मोठी होती. वाडीच्या टोकाला, सुरूच्या बनापलीकडे, 'समुद्र-जीवन उद्यान' करायचं ठरलं होतं. खोल्या, हॉटेल आणि मधोमध टाकीत दोन डॉल्फिन. आपल्या देशात खेळासाठी डॉल्फिन कोंडायला परवानगी मिळत नाही, हे मी कंपनीच्या साहेबांना सांगायला गेले. साहेब गोड माणूस. म्हणाले, हा खेळ नाहीच, हे उपचार केंद्र आहे, आजारी मुलं डॉल्फिनबरोबर पोहून बरी होतात, आणि शाळेतल्या मुलांचं शिक्षण होतं. भाऊ शेजारी उभे होते. कैदी बघून माणूस कसा असतो ते कळतं काय, असं त्यांनी विचारलं. साहेब हसले आणि भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून, काका फार विनोदी आहेत, असं मला म्हणाले.

मी पत्रक काढलं. 'बंदिस्त सागरी सस्तन प्राण्यांच्या मुक्तीचा जाहीरनामा.' दोन्ही बाजूंनी छापलेलं, बारीक टाइपात. कायदा होता, विज्ञान होतं, भांडवलशाहीही होती. भाऊंनी ते चष्मा लावून पूर्ण वाचलं, वाडीत तसं करणारे ते एकटेच. "चांगलं लिवलंयस गो," म्हणाले. "पण एवढे मुद्दे? एका वेळी एवढं मी देवालापण सांगत नाय." उरलेला गठ्ठा त्यांच्या बायकोने, सुमनकाकूंनी, मागून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यावर बोंबील वाळत होते. मुक्तीचा जाहीरनामा खाली आणि बोंबील वर.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे मी भाऊंना परत परत सांगत होते. त्यांचं म्हणणं, कायदा दिल्लीत आणि टाकी वाडीत, आणि मधला रस्ता साहेबाला तुझ्यापेक्षा चांगला माहीत हाय. एकदा वाडीने होकार दिला, पाया खणला, की मग नियम शोधायला सगळे सवड काढतील. तेव्हा होकारच जाता कामा नये.

पण होकार जाणार, हे दिसत होतं. वाडीतली अर्धी पोरं मुंबईत. घरं बंद, आंब्याला राखण मिळत नाही. टाकी झाली तर नोकऱ्या मिळणार होत्या, आणि पहिली नोकरी मिळाली होती नीलेशला. मुंबईत तो एका मॉलमध्ये सिक्युरिटीला होता, बारा तास उभा. ते सोडून तो घरी आला होता. बायको, मुलगी आणि तो, लग्नानंतर पहिल्यांदा एका घरात. कंपनीने त्याला गळ्यात अडकवायचं कार्ड दिलं होतं, तो ते जेवतानाही काढत नसे. सुमनकाकू कित्येक वर्षांनी परत गुणगुणायला लागल्या होत्या. त्यांचा आवाज मात्र भिंतीबाहेर येत नसे, घरातला सगळा आवाज भाऊंनी घेतला होता.

भाऊंना हे दिसत होतं. त्या दिवसांत ते घरात फार कमी बोलत. आमच्याकडे पानं मांडायची वेळ चुकायला लागली.

वाडीची सभा देवळात ठेवली. साहेबांनी सगळं नीट केलं होतं. मंडप, खुर्च्या, चहा, भिंतीवर उडी मारणाऱ्या डॉल्फिनचं मोठं चित्र. शेवटी हात वर करून होकार घ्यायचा होता. आणि इथे साहेबांनी एक चूक केली, जी बाहेरचाच माणूस करू शकतो. कार्यक्रमाला स्थानिक रंग हवा म्हणून त्यांनीच नीलेशला सांगितलं की सुरुवात तुमच्या त्या गाऱ्हाण्याने करू, आणि ते तुमच्या वडिलांनीच घालावं. नीलेशने घाबरत घाबरत विचारलं. भाऊ हो म्हणाले. इतक्या सहज की सुमनकाकूंच्या हातातलं भांडं पडलं.

भाऊ स्वच्छ धोतर नेसून आले. नारळ ठेवला. सगळे उठले, हात जोडले. साहेबांनीही बूट काढले.

"बा देवा म्हाराजा, आज सगळी वाडी तुझ्या पायाशी जमली हाय."

"होय म्हाराजा."

पाहुणे मोठं काम घेऊन आलेत. होय म्हाराजा. सुरूच्या बनापलीकडे टाकी बांधायची म्हणतात. होय म्हाराजा. समुद्रातले दोन गादे आणून त्या टाकीत ठेवायचे म्हणतात. होय म्हाराजा. गादा म्हणजे डॉल्फिन, असं नीलेशने साहेबांच्या कानात सांगितलं. साहेब खूश झाले आणि दोन गाद्यांना त्यांनीही होय म्हाराजा म्हटलं.

गाऱ्हाण्याला एक चाल असते. वाक्य वर चढतं, थांबतं, आणि थांबलं की तोंड आपोआप उघडतं. तिथे डोक्याचं काही काम नसतं. लहानपणापासून, कळायच्या आधीपासून आम्ही ते करतो. भाऊंनी चाल अजिबात बदलली नाही.

त्या गाद्यांना आईपासून ओढून आणलेलं असेल, म्हाराजा. होय म्हाराजा. तू एवढा समुद्र दिलास, त्यातला त्यांना टाकीभरच मिळेल. होय म्हाराजा. ही गोष्ट तुझ्या वाडीला शोभणारी नाय. होय म्हाराजा. माझ्या तोंडूनही होय म्हाराजा निघालं, आणि मी देव मानत नाही. पुढच्या रांगेत पतसंस्थेचे चेअरमन हसऱ्या चेहऱ्याने मान डोलावत होते. साहेबांना शब्द लागत नव्हते, उत्साह दिसत होता.

"तेव्हा ही टाकी, देवा, तू इथं होऊ देऊ नको."

"होय म्हाराजा," सगळा मंडप म्हणाला.

 इथे भाऊंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आणि माझ्या पोराच्या पोटाची सोय दुसरीकडं कर, म्हाराजा."

"होय म्हाराजा." हे म्हणणाऱ्यांत नीलेश होता. हात जोडलेले, डोळे मिटलेले, गळ्यात कार्ड. म्हणून झाल्यावर त्याने डोळे उघडले.

नारळ फुटला. मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात यायला लागलं की आपण काय म्हणून बसलो. साहेबांनी होकारासाठी हात वर करायला सांगितले. कोणी कोणाकडे बघेना. एका म्हाताऱ्याने सांगून टाकलं की देवाला आत्ताच एक सांगितलंय, त्याच्यासमोर लगेच दुसरं कसं सांगायचं, निदान घरी तरी जाऊ द्या. लोक घरी गेले. परत सभेला कोणी आलं नाही. साहेबांनी दोनतीनदा बोलावलं, चहाबरोबर वडेही ठेवले. वडे संपले, हात वर झाले नाहीत. पुढे गाडी यायची बंद झाली. माझ्या जाहीरनाम्याने जे झालं नसतं ते एका चालीने झालं, याचा मला आनंद झाला आणि त्रासही झाला. चळवळीत याला विजय म्हणावं का, हे अजून ठरलेलं नाही.

नीलेशचं ठरलं होतं. सभेच्याच संध्याकाळी मी आमच्या पडवीत होते आणि त्यांच्या-आमच्या मध्ये फक्त गडग्याची बुटकी भिंत.

तो म्हणाला, ही फसवणूक आहे. लोकांचा होकार तुम्ही फसवून घेतलात.

"घेतला," भाऊ म्हणाले. "कमळीला तर कोणी विचारलंपण नव्हतं."

"परत कमळी!" नीलेश ओरडला. आवाज बापाचाच होता, आम्हाला पहिल्यांदा कळलं. "तिकडची नोकरी घालवून आलात तेव्हा माझं कॉलेज राहिलं. आज ही नोकरी. आयुष्यात दोनदा काहीतरी बरं व्हायला आलं आणि दोन्ही वेळा मध्ये तुमचा मासा आला. तुम्हाला माशाची दया येते, भाऊ. माझी कधी आली?"

नीलेश उठून का जायचा, ते मला तेव्हा समजलं.

 भाऊ बोलले ते इतक्या हळू की मला कान द्यावा लागला.

"तू बोलतोस ते खरं हाय. मी नाय म्हणणार नाय. पण ती बोय सोडली तेव्हा कमळी कशी दिसलेली ते मी तुम्हाला कधी सांगितलंच नाय. हसवलं फक्त. ती थरथरत होती, रे. समुद्रातलं जनावर, माशाला घाबरून थरथरत होतं. तिची भूक नेलेली त्यांनी, तिचा समुद्र नेलेला, आणि ती वाट बघत होती बादलीची. मी आणायचो ती बादली. असलं जनावर मी माझ्या वाडीत, माझ्या पोराच्या हातून खायला घालू? नोकरी घालवली तुझी, ती मी घालवली. शिव्या दे. पण बादली तुझ्या हातात बघवली नसती."

 त्या आठवड्यात नीलेश मुंबईला परत गेला, या वेळी बायको आणि मुलीला घेऊन. सुमनकाकूंनी भाऊंशी बोलणं टाकलं. जेवायला वाढत, पण ताट जरा दूर ठेवत, म्हणजे उठून घ्यावं लागे. भाऊ उठून घेत. वाडीत काही लोक त्यांना नमस्कार करायला लागले आणि काही तोंड फिरवायला लागले, ज्यांची पोरं परत यायची होती ते. भाऊ दोघांशीही सारख्याच आवाजात बोलत. देवाने नीलेशच्या पोटाची सोय कुठे केली, असं त्यांना कोणी खोचकपणे विचारलं, तर म्हणत, त्याला आठवण केली हाय, तो जरा सुस्त हाय.

भाऊ आता नाहीत. झोपेत गेले, आवाज न करता, यावर वाडीचा विश्वास बसला नव्हता. त्यांना मी शेवटचं नीट पाहिलं ते त्याआधीच्या शिमग्यात. नीलेश पालखीला आला होता, बापाशी कामापुरतं बोलत होता. दुपारी किनाऱ्यावर पर्यटकांचा घोळका होता. हल्ली डॉल्फिन दाखवायला होड्या निघतात. एखादी पाठ पाण्यावर दिसली की चारही बाजूंनी इंजिनं तिच्या अंगावर जातात. घोळक्याने खडकावर बसलेल्या भाऊंना विचारलं, काका, डॉल्फिन कुठे दिसतात? भाऊ उठले, धोतर सावरलं, हात लांब करून दक्षिणेकडे दाखवलं. सगळे मोबाइल दक्षिणेकडे. होडीवाल्यांनीही तिकडेच होड्या वळवल्या.

मी उत्तरेला उभी होते. माझ्या समोरून चारपाच गादे शांतपणे चालले होते, एक लहानगा आईच्या अंगाला अंग लावून. भाऊंना ते दिसत होते, मला माहीत आहे.

घोळक्यातल्या एका बाईंना शंका आली. त्यांनी नीलेशला विचारलं, खरंच तिकडेच आहेत का हो? नीलेशने उत्तरेकडे पाहिलं. बापाकडे पाहिलं. आणि हात वर करून, बापापेक्षा मोठ्या आवाजात 'तिकडेच' म्हणत दक्षिणेकडे दाखवलं. दोघे तसेच उभे होते, दोन हात रिकाम्या समुद्राकडे.

आता तुमच्याकडे काम आहे. या सुट्टीत तुमच्यापैकी कितीतरी जण दुबईला, थायलंडला जाल, मुलांना घेऊन. सहलीच्या कार्यक्रमात डॉल्फिनचा खेळ घातलेला असेल. तो काढायला लावा. नुसतं त्या दिवशी हॉटेलात बसून राहू नका. पैसे भरण्याआधी, सहलवाल्याच्या ऑफिसात, सगळ्यांसमोर, काढायला लावा आणि का ते सांगा. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगा.